ओढ

शिमगा संपला की मिरकरवाड्याच्या जेटीवरून
मी राणीमाशाची कातडी आणते,
बर्फात, आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यातून.
साफ करणाऱ्या बाया विचारतात, मांजरीला काय गो?
मी म्हणते, नसेला.
सकिना खदखदून हसते :
मग माझ्या कंबरेतली पण बघ एक.

चार अंशांवर सगळं करायचं.
आधी सोड्याचं हलकं पाणी,
मग व्हिनेगरातलंच आम्ल, तीन दिवस.
कातडी फुगते, आरपार दिसायला लागते,
मग कातडी राहतच नाही,
राहतं ते कोवळ्या शहाळ्याच्या मलईसारखं काहीतरी.
त्यात मीठ टाकलं की पांढरं तंतूतंतूंनी वर येतं.

कोलॅजन म्हणजे तिपेडी वेणी.
इतकी बारीक, की घालणारे हात कुणी पाहिलेले नाहीत.
ऊब लागली की सुटते,
पुन्हा गार केली तरी तशी पडत नाही.
हे मला पुस्तकातून माहीत होतं.
चैत्रातल्या एका रात्री सात तास वीज गेली
आणि सकाळी फ्रिजमध्ये अकरा माशांचा सरस होता,
तेव्हा ते समजलं.

दुसऱ्यांदा जमलं.
सिरिंजमध्ये भरून, सुईतून, मिठाच्या पाण्यात सोडलं :
केसाएवढा दोरा, न तुटता, माझ्या उंचीचा.
मी एकटीच होते प्रयोगशाळेत. टाळ्या वाजवल्या.
वाळल्यावर तो आक्रसला, वेडावाकडा झाला,
आणि त्याच्यावर सोडलेल्या पेशी
जत्रेत चुकल्यासारख्या भलतीकडे गेल्या.
असे पाच आठवडे.

यासीन सोलकर जाळी दुरुस्त करतो,
ताडपत्रीखाली, बर्फाच्या कारखान्यामागे.
विंचचा दोर मनगटात घुसला त्याला नऊ वर्षं झाली.
हाड सांधलं. कातडी सांधली.
करंगळी आणि शेजारचं बोट मात्र
तेव्हापासून दुसऱ्या कुणाचं तरी आहे.
विडीने भाजलं तरी वास आल्यावर कळतं.

त्याला दोरा दाखवला.
बोटात धरलाच नाही त्याने,
खालच्या ओठावरून हळू ओढून पाहिला,
डोळे मिटून.
म्हणाला, सूत बरा हाय.
वाळवलास कसा? आडवा?
ओढ दिली नाहीस गो त्याला.
ओल्या दोऱ्याला ओढ नसली
तर तो आपल्या मनाला येईल तसा वळतो.
आणि डब्यातून शिशाच्या गोळ्या काढून दिल्या,
पागाच्या, सगळ्यांत हलक्या, बारा.

त्या रात्री बारा दोरे टांगले,
प्रत्येकाच्या टोकाला एकेक गोळी.
सात तुटले.
पाच सकाळपर्यंत सरळ राहिले.
मग अनंताच्या फळातलं एक द्रव्य लागतं वेणी पक्की करायला,
त्याने दोरे निळे होतात, आपोआप,
पावसाळ्यानंतरच्या खोल पाण्यासारखे.
हे कुणी सांगितलं नव्हतं.
म्हणजे निळे होतात हे छापलेलं होतं. असे निळे, हे नव्हतं.

सहाव्या दिवशी सूक्ष्मदर्शकाखाली
उंदराच्या पेशी एकामागे एक,
दोऱ्याच्या अंगाने लांब झालेल्या,
आणि त्यांच्यामधून एक तंतू निघालेला,
पुढचं टोक जरा पसरट,
अंधारात भिंत चाचपणाऱ्या तळव्यासारखं.
मी मोजलं. दिवसाला मिलिमीटरसुद्धा नाही.
भगवतीचा दिवा तेवढ्या वेळात
कितीदा फिरला, ते मोजलं नाही.

यासीनला फोटो दाखवला मोबाइलवर.
बराच वेळ बघत राहिला.
मग तो निकामी हात पुढे केला, सहज,
दुकानात सुटे घ्यायला करतात तसा :
ह्यात कधी?

मी खरं ते सांगितलं.
हे काचेच्या बशीत आहे, चाचा.
मग उंदरात. मग आणखी कशात तरी.
मग कदाचित कुणाच्या तरी हातात,
आणि नऊ वर्षं जुन्या नसेत, बहुतेक, नाहीच.

हात त्याने मागे घेतला.
जाळ्याचा फाटका डोळा पायाच्या अंगठ्यात ताणून धरला,
सुई उजव्या हातात,
गाठ मारली, दातांनी आवळली.
म्हणाला, गोळ्या परत नको देऊस.
बारा पुरणार नाहीत तुला.